डीपी जळाली की दोषी शेतकरीच?



धान निसवायची वेळ आणि कपाशीची बोंडे भरायची वेळ आपल्या जिल्ह्यात जवळपास एकच. ब्रह्मपुरी, नागभीडकडे बांधीत पाणी लागते. वरोरा, कोरपन्याकडे कपाशीला एक ओलीत मिळाले तर बोंड पोसते, नाही तर गळते. पावसाने पाठ फिरवलेली असते. विहिरीला पाणी असते, मोटर असते. आणि नेमकी त्याच आठवड्यात डीपी जळते.

मग खुलासा येतो. खुलासा दरवर्षी तोच असतो, फक्त तारीख बदलते. शेतकऱ्यांनी मंजुरीपेक्षा मोठ्या मोटरी बसवल्या, ऑटोस्विच लावले, कपॅसिटर लावले नाहीत, आकडे टाकले, म्हणून रोहित्र अतिभारित होऊन जळाले. ज्याचे पीक वाळले, तोच आरोपी!

या खुलाशातले एकेक वाक्य सुटे घेतले तर त्यात काही ना काही खरे निघेल. आकडे टाकणारे आपल्यात आहेत, तीनची मंजुरी घेऊन पाचची मोटर चालवणारेही आहेत. त्यांची वकिली या पानावर होणार नाही. पण सगळी वाक्ये एकत्र केली की खुलासा खोटा ठरतो. कारण जास्तीचा प्रवाह वाहिला एवढ्याने डीपी जळत नाही. वाहिलेला जास्तीचा प्रवाह तोडणारे तिथे काही नव्हते, म्हणून ती जळते. भार कधी ना कधी वाढणार, तारेला तार लागणार, फांदी पडणार, मोटर जाम होणार, हे वीज खांबावर चढली त्या दिवसापासून सगळ्या जगाला माहीत आहे. म्हणूनच तर फ्यूज निघाला.

आपल्याकडच्या मामा तलावांचेच पाहा. तलाव बांधणाऱ्यांनी पाळ घातली तशी एका बाजूला सांडव्याची जागाही सोडली. पाऊस किती पडावा हे आपल्या हातात नाही, हे त्यांना कळत होते. उद्या पाळ फुटली आणि कोणी सांगू लागला की 'पाऊस फार झाला हो', तर गावातला म्हातारा पहिला प्रश्न विचारील: सांडवा कुठे होता? आणि कोणी बुजवला होता? वीज कंपनीला हाच प्रश्न विचारायचा आहे. फ्यूज कुठे होता? त्यात तार कसली होती?

कोणत्याही गावच्या डीपीजवळ जाऊन लांबूनच खालच्या पेटीत डोकावून बघा. हात लावू नका. अनेक ठिकाणी पेटीला झाकण नसते. चिनीमातीच्या किटकॅटा फुटलेल्या असतात, काही जागी तर किटकॅटच नसते. आणि जिथे तांब्याची बारीक कल्हईची तार असायला हवी, तिथे लाईनच्या तारेतून उपसलेला अॅल्युमिनियमचा धागा पिळून बसवलेला असतो. कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. त्या पेटीला आपण सवयीने 'फ्यूजपेटी' म्हणतो, एवढेच.

आता थोडा हिशोब करू. आपल्या माणसाला हिशोब येत नाही असे समजणाऱ्यांसाठीही तो उपयोगी पडेल.

पाच हॉर्सपॉवरची तीन फेजची मोटर नीट चालू असताना सुमारे साडेसात अँपिअर प्रवाह ओढते. पण खटका दाबल्यावर पहिले काही क्षण, मोटर फिरायला लागेपर्यंत, हीच मोटर सहा-सात पट प्रवाह ओढते. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट, सहापट झाला तर छत्तीसपट. म्हणून थोडासा जास्त प्रवाह थोडेसेच नुकसान करील असे समजू नये.

शंभर केव्हीएच्या डीपीतून खालच्या बाजूला दर फेजला सुमारे १३३ अँपिअर प्रवाह निघू शकतो. समजा तिच्यावर पाचच्या पंधरा मोटरी आहेत. सगळ्या चालू असल्या तरी ११२-११३ अँपिअर होतात. डीपी ते सोसते, अतिभार नाही, कोणी चोर नाही. पण याच पंधरा मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या तर सहापटीच्या हिशोबाने पावणेसातशे अँपिअर होतात! दाब एकदम खाली बसतो. दाब बसला की मोटरी फिरत नाहीत, नुसत्या घुमतात. आणि जोवर त्या फिरत नाहीत तोवर सहापट ओढ चालूच राहते. इथे योग्य जाडीचा फ्यूज असेल तर तो वितळतो, अंधार होतो आणि डीपी वाचते.

आता अर्धा मिलिमीटर जाडीची तांब्याची तार सुमारे २८ अँपिअरला वितळते. दोन मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा धागा वितळायला दीडशेच्या वर अँपिअर लागतात. तीन धागे पिळून घातले तर विचारूच नका. हा हिशोब काही नवा नाही. प्रीस नावाच्या ब्रिटिश तारखात्याच्या इंजिनिअरने १८८० च्या दशकात तो मांडून ठेवला आहे. म्हणजे तीन धाग्यांच्या त्या पेटीत डीपीतले तेल उकळेपर्यंत फ्यूज काही वितळायचा नाही. वितळते ते डीपीचे आतले गुंडाळे. पाच-पन्नास रुपयांची तार वाचवायची आणि अख्खे रोहित्र फ्यूज म्हणून वापरायचे, असा हा कारभार आहे.

'पण धागा घालतो कोण? शेतकरीच ना?' असा प्रश्न कंपनीचे लोक विचारतात, आणि आपण गप्प बसतो. गप्प बसायचे कारण नाही. धागा कसा येतो ते क्रमाने सांगू.

शेतीची वीज पाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. ब्रह्मपुरी वनविभागात रात्री बांधीवर जाणे म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईत बसून पाळ्यांचे तक्ते आखणाऱ्याला समजायचे नाही. दिवसा गुरे चारणारा माणूस इथे वाघाच्या तोंडी गेलेला आहे, मग रात्री एक वाजता मोटर चालू करायला धुऱ्याधुऱ्याने कोण जाईल? मग माणूस ऑटोस्विच लावतो. वीज आली की मोटर आपोआप चालू. वीज आली की एकट्याचीच नव्हे, डीपीवरच्या सगळ्यांच्या मोटरी त्याच क्षणी चालू. वर सांगितलेले पावणेसातशे अँपिअर ते हेच. फ्यूज बिचारा आपले काम करतो आणि उडतो. सकाळी लाईनमनला निरोप जातो. त्याच्याकडे गावे किती आणि हात दोन. फ्यूजची तार त्याच्याजवळ असेलच असे नाही. तो आज येत नाही, उद्या येत नाही, आणि चौथ्या दिवशी रात्रीची पाळी संपते. तोवर कोणी तरी धीट पोरगा डीपीवर जातो आणि जे हाताशी आहे ते घालतो. हाताशी काय असते? लाईनचा पडलेला तुकडा.

या क्रमातली पहिली कडी कोणाची? शेतकऱ्याची नाही. रात्रीची वीज हे ऑटोस्विचचे मूळ आहे, आणि ऑटोस्विच हे धाग्याचे. दिवसा वीज देऊ, असे वचन २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेपासून दिले जात आहे. जिथे ते पाळले गेले तिथे आनंद आहे. ज्या वाहिनीवर अजून रात्रीची पाळी आहे, तिथल्या शेतकऱ्याला ऑटोस्विच काढण्याचा उपदेश करण्याआधी पाळी बदला. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, हे किती दिवस चालणार?

आणि त्या धीट पोरांबद्दल एक शब्द. डीपीवर चढून मेलेल्यांची नावे प्रत्येक तालुक्याला ठाऊक आहेत. ज्याला पगार नाही, हातमोजे नाहीत, वरचा खटका पडला की नाही हे पाहायची सोय नाही, त्याच्या जिवावर ही वितरण व्यवस्था चालते. तो मेला की कागदावर 'अनधिकृत व्यक्ती' ठरतो. गावकऱ्यांनीही त्याला शाबासकी देऊन वर चढवणे बंद केले पाहिजे. एक पाणी चुकले तर एक पीक जाते. पोरगा गेला तर काय जाते ते त्याच्या आईला विचारा.

कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला ३१ वा नियम सांगत होता की ग्राहकाच्या जागेत येणाऱ्या प्रत्येक जिवंत तारेला योग्य कटआऊट वीज पुरवणाऱ्याने बसवायचा, आणि तोही आग लागणार नाही अशा बंद पेटीत. हे नियम गेले, २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आले, २०२३ मध्ये ते पुन्हा नव्याने लिहिले गेले. पण पुरवठादाराच्या लाईनीची आणि यंत्रांची सुरक्षितता पुरवठादाराने राखायची, हे तत्त्व बदललेले नाही. डीपी तुमची नाही, माझी नाही. तिच्या पेटीतला फ्यूजही आपला नाही. मग त्यात धागा दिसला तर जबाबदार कोण? ज्याची पेटी, तो.

डीपी जळाल्यावरचाही कायदा आहे. २००३ च्या विद्युत कायद्याच्या ५७ व्या कलमाप्रमाणे नियामक आयोग सेवेची मानके ठरवतो, आणि आपल्या राज्याच्या आयोगाने खेड्यातली जळालेली डीपी बदलायला ४८ तासांची मुदत घातली आहे. उशीर झाला तर ग्राहकाला भरपाई. ४८ तास! किती जणांना ही भरपाई मिळाली, हे मेळाव्यात हात वर करून सांगा. उलट 'डीपीवरची थकबाकी भरा, मग बघू' हे उत्तर आपल्या ओळखीचे आहे. याच कायद्याचे ५६ वे कलम थकबाकीसाठी वीज तोडायला परवानगी देते, पण ज्याची बाकी आहे त्याला पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस देऊन. शेजाऱ्याच्या बाकीपायी ज्याने बिल भरले त्याचे पीक वाळवा, असे कुठल्याच कलमात लिहिलेले नाही.

आता फ्यूजची दुसरी बाजू. फ्यूज नीट असला म्हणजे सगळे झाले असे नाही, आणि इथे आपल्यातल्या पुष्कळांचा गैरसमज आहे.

तीनपैकी एका फेजचा फ्यूज उडाला तर मोटर उरलेल्या दोन फेजवर रेटत राहते. त्या दोन तारांत सुमारे पावणेदोन पट प्रवाह जातो, मोटर तापते आणि तासाभराच्या आत वास सुटतो. डीपीचा फ्यूज मोटर वाचवायला नसतो. मोटर वाचवायला स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले असतो आणि फेज गेल्यावर मोटर बंद पाडणारा प्रिव्हेंटर असतो. आणि गावोगावी काय होते? रिले सारखा पडतो म्हणून मेकॅनिक त्याला बाजूला काढून तार थेट जोडून देतो. 'आता त्रास नाही' असे सांगतो. त्रास नाहीच, पुढच्या वेळी थेट रिवाइंडिंग! रिले सारखा पडतो याचा अर्थ मोटर काही सांगते आहे: दाब कमी आहे, पंप अडकला आहे, बेअरिंग गेले आहे. बोलणाऱ्याचे तोंड बांधून रोग जात नाही.

कोरडवाहूवाला भाऊ म्हणेल, माझ्याकडे विहीर नाही, मोटर नाही, हा लेख मला कशाला? त्याच्यासाठी दोन गोष्टी.

पहिली घरातली. भाव येईल या आशेने घराच्या आढ्यापर्यंत भरलेला कापूस आणि त्याच भिंतीवरून गेलेली जुनी वायर. सांधा ढिला झाला की तिथे तापते, ठिणगी पडते, आणि कापसाला ठिणगी पुरते. वर्षाची कमाई आणि घर एकदम जाते. घराच्या फ्यूजमध्ये जाड तार घातली असेल तर वायर लाल होईपर्यंत तो उडत नाही. एमसीबी बसवून घ्या, आणि कापसाच्या खोलीतून वायर जातच असेल तर कापूस भरण्याआधी तिची जोडणी तोडून ठेवा.

दुसरी गोष्ट वावरातली, आणि ती सांगताना जीभ जड होते. रानडुकरांनी आपली ज्वारी संपवली. एका रात्रीत एकरभर आडवी. कित्येकांनी ज्वारी पेरणेच सोडले, कडबा गेला, त्यामागे गुरेही गेली. या रागातून काही जण वावराभोवती तार ओढतात आणि तिला लाईनवरून थेट जिवंत करतात. 'फ्यूज आहे ना, काही झाले तर उडेल' असा त्यांचा हिशोब. हा हिशोब साफ चुकीचा आहे. माणूस मरायला अँपिअरचा दहावा हिस्साही पुरतो. पंधरा अँपिअरच्या फ्यूजला माणूस मेल्याचे कळतसुद्धा नाही. पाय ओल्या जमिनीत, हात तारेवर, आणि फ्यूज जागच्या जागी शाबूत.

एप्रिल २०१७ मध्ये ब्रह्मपुरी वनविभागात नागभीडकडे 'श्रीनिवास' नावाचा वाघ, म्हणजे उमरेड-करांडल्याच्या गाजलेल्या 'जय'चा बछडा, अशाच शेतातल्या तारेला लागून मेला. त्याच वर्षी ब्रह्मपुरीकडून पकडून बोरच्या जंगलात सोडलेली वाघीण ऑक्टोबरात वर्धा जिल्ह्यात तशाच तारेने गेली. वाघ मेला की देशभर बातमी होते. त्याच तारांना लागून पहाटे शेताकडे जाणारा शेजारी मरतो, कधी तार लावणारा स्वतःच मरतो, त्याचा नुसता पंचनामा होतो. डुकराचा बंदोबस्त सरकारने करावा, पिकाची भरपाई बाजारभावाने द्यावी, ही मागणी रास्त आहे आणि ती जोरात मांडली पाहिजे. पण जिवंत तारेची बाजू कोणत्याही मेळाव्यात घेता येणार नाही. बॅटरीवरची झटका मशीन वेगळी. ती क्षणभर ठोका देते आणि थांबते. जनावर दचकून पळते, मरत नाही. सौर कुंपणाला अनुदानही आहे. तेच यंत्र घ्या. घरगुती जुगाड करून लाईनची वीज तारेत सोडाल तर ती झटका मशीन होत नाही, फाशी होते.

लाईन तुटून पडते तेव्हाही असेच. अकरा हजाराची तार कोरड्या ढेकळांवर पडली तर जमिनीत फार प्रवाह शिरत नाही, उपकेंद्रातल्या यंत्राला ती पडल्याचे कळत नाही आणि तार जिवंतच राहते. जुन्या नियमांतला ९१ वा नियम रस्त्यावरून आणि सार्वजनिक जागेवरून जाणाऱ्या उघड्या तारांसाठी सांगत होता की तार तुटली तर ती निर्धोक होईल अशी योजना हवी. आपल्या वावरावरून लोंबणाऱ्या तारांखाली कसली योजना आहे ते वर बघा. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा ११ जानेवारी २००२ चा निकाल प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. १९९७ मध्ये जबलपूरला पावसाच्या पाण्यात पडलेल्या जिवंत तारेवरून सायकलवाला गेला आणि मेला. मध्य प्रदेश वीज मंडळाने सांगितले, कोणी तरी चोरून वीज घेत होता, ती तार त्याची, आमचा काय दोष? न्यायालयाने ते ऐकले नाही. एवढी धोक्याची वस्तू जो पुरवतो, त्याने ती कोणाच्या अंगावर जाणार नाही याची काळजी घ्यायची. चूक दुसऱ्याची होती म्हणून त्याची सुटका नाही, असा त्याचा अर्थ. 'आकडे होते म्हणून' हे पालुपद ज्यांना पाठ आहे, त्यांना हा निकाल वाचून दाखवा.

आपल्याच जिल्ह्यात दुर्गापूरला २९२० मेगावॅटचे महाऔष्णिक केंद्र उभे आहे. कोळसा आपला, राख आपल्या छपरांवर, धूर आपल्या छातीत. तिथल्या प्रत्येक यंत्रावर, प्रत्येक वाहिनीवर प्रवाह वाढला की क्षणाच्या काही भागात तोडणारे रिले आहेत. कोट्यवधींचे यंत्र आहे, ते जपायलाच हवे. तिथून उपकेंद्रापर्यंत पायरीपायरीला पहारा आहे. पहारा संपतो तो आपल्या डीपीच्या पेटीपाशी. तिथून पुढे जे आहे, मोटर, पीक आणि माणूस, ते बहुधा जपण्याच्या लायकीचे नसावे.

२०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या कृषिपंपांची वीज राज्य सरकारने पाच वर्षांसाठी मोफत केली. बिल माफ, छान. पण एकदा मोटर जळाली की रिवाइंडिंग, ने-आण, वाया गेलेले पाणी आणि मजुरी यांत ते माफ केलेले बिल परत वसूल होते, आणि दुसऱ्याच दुकानात. शिवाय फुकट आहे म्हणून तक्रार करायची नाही, ही नवी दहशत बसते आहे. विजेचे पैसे सरकार कंपनीला देते. ते सरकारचे म्हणजे आपलेच. तेव्हा ग्राहक म्हणून आपला हक्क जसाच्या तसा आहे.

जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने आपल्या डीपीची माहिती लिहून आणावी. डीपीचा क्रमांक, किती केव्हीएची, तिच्यावर मोटरी किती आणि कितीच्या, पेटीला झाकण आहे का, किटकॅट किती शाबूत, त्यांत तार कसली. लांबून फोटो काढा. मंजुरीपेक्षा मोठ्या मोटरी असतील तर तेही खरे लिहा. भार वाढवून मागायचा असेल तर लपवून चालणार नाही, वाढलेल्या भाराची मोठी किंवा दुसरी डीपी मागता येते. मग शाखा कार्यालयाला गावाच्या सह्यांचा अर्ज द्या: पेटी दुरुस्त करा, योग्य फ्यूज घाला, फ्यूजची तार गावात उपलब्ध ठेवा, आणि जंगलालगतच्या वाहिन्यांना शेतीची वीज दिवसा द्या. कोणाला शॉक लागून इजा झाली, माणूस किंवा जनावर दगावले, तर फक्त कंपनीच्या पंचनाम्यावर थांबू नका. २००३ च्या कायद्याच्या १६१ व्या कलमाप्रमाणे विद्युत निरीक्षकाला खबर गेली की नाही ते विचारा, आणि आपणही लेखी कळवा. अर्जाची पोच घ्या. पोच देत नसतील तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. डीपी जळेल त्या दिवशी ४८ तास मोजायला ती लागेल.